मोरचुदाच्या पाण्यातला टाक

रवि., २० नोव्हेंबर १९१०. कुंभारवाड्याजवळ, घरी.

काल संध्याकाळी पोचलो. क्यासलराकच्या टेसनापासून बैलगाडी. माणूस आला, कंबर अजून वाटेत आहे. आईने पायही धुऊ दिले नाहीत, लगेच विषय काढला. मळणी उरकली की मार्गशीर्षात लग्न. मुलगी रुक्मी, माझ्या गेलेल्या शेवंताची धाकटी बहीण. शे. गेल्यापासून चिमीला तीच सांभाळते, आमच्याच घरी राहून. म्हणजे चिमीला आई नवी नाही, मलाच काय ती बायको नवी.

सगळं ठरलंय, एकच अडलंय. सवतीचा टाक. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर बाईचं तोंड. तो गळ्यात असला की गेलेली मागे लागत नाही. आई म्हणाली सुप्याच्या सोनाराकडून आणू. सोनाराचे टाक मी पाहिलेत. सगळ्या बायका एकाच तोंडाच्या, दोन ठिपके डोळे, एक रेघ नाक, दिली हातात. शे.चं तोंड तसं नव्हतं. तिचा फोटो एकही नाही. म्हटलं मीच करतो. रेल्वेत तारमास्तर आहे, टेसनावरच्या ब्याटऱ्या मीच सांभाळतो, तांब्यावर तांबं कसं चढतं ते रोज बघतो.

आई म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." बोलू दे.

दुपारी शे.ची ट्रंक उघडली. क्वार्टरातून आणल्यापासून कुलूप होतं. तळाला तिची माहेरची तांब्याची कळशी, लुगड्यात गुंडाळलेली. बूड गेलंय, पण गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव आहे, शेवंता. रुक्मीने लुगडं सोडलं, नाकाला लावलं. "अक्काचा वासच न्हाई की ह्याला." मग घडी घालून आपल्याकडेच ठेवलं. राहू दे म्हटलं. बहिणीचं आहे.

बुध., २३ नोव्हें.

मल्लाप्पा कुंभाराकडे गेलो होतो. म्हातारा गणपती करतो, बेंदराचे बैल करतो. बैल असा की आता शिंग मारेल. म्हटलं रुपयाएवढं तोंड कर मातीचं, माझ्या गेलेल्या बायकोचं. तो हसला. "मी बाईस्नी बघितलं न्हाई. कशावरनं करू?" मी वर्णन सांगत बसलो. वर्णनाने नाक होत नाही. शेवटी तोच म्हणाला, "भैन हाय न्हवं घरात? तिला हितं बसवा. तुमी सांगा कुठं कमी, कुठं जास्त."

सोपं होतं, मलाच सुचलं नव्हतं. रुक्मीला बोलावलं. ती त्याच्या अंगणात उन्हाकडे तोंड करून बसली, मी मागून सांगत होतो. कपाळ जरा रुंद. हनुवटी आत. ओठ नको हलवू, तो शे.चा होत आलाय. रुक्मीला हसू आवरेना. मल्लाप्पा म्हणाला, "बैल बरा, हसत तरी न्हाई."

झालं तेव्हा रुक्मीने तळहातावर घेऊन पाहिलं. "ही तर मीच हाय, दाजी."

"थोडी तू, थोडी ती."



मल्लाप्पाकडून कच्च्या भाजणीची लहान मडकीही घेतली. ब्याटरीला लागतात. पाणी गळायचं नाही पण झिरपायचं, असं मडकं.

शुक्र., २५ नोव्हें.

मोहळाचं मेण मिळालं. तेल लावलेल्या मातीच्या तोंडावर मेण ओतलं, गार झाल्यावर माती काढली. आत उलटं तोंड उमटलंय, नाकाच्या जागी खड्डा. मेणातून वीज जात नाही, म्हणून शिसपेन्सिलींचं काळं खरवडून, वस्त्रगाळ करून आत चोळलं. शेकरूच्या शेपटीच्या केसांची कुंचली चांगली चालते. कुंचली कपाळावरून गालावर फिरवताना मधेच थांबलो. कुणाच्या तोंडाला हात लावतोय तेच कळेना. मेण आहे, दुसरं काही नाही.

शनि., २६ नोव्हें.

आज सुरू केलं. टेसनावरून आणलेलं बाद झालेलं काचेचं चौकोनी भांडं, त्यात मोरचुदाचं पाणी, दोन थेंब तेजाब, म्हणजे आसिड. एका बाजूला कळशीचा पत्रा, दुसऱ्या बाजूला मेणाचं तोंड, दोघं समोरासमोर टांगलेली. ब्याटरीची धन तार पत्र्याला, ऋण तार मेणाला. ब्याटरीचा घट एकच जोडला. हळू जाऊ दे.

पत्रा कळशीच्या पोटाचा घेणार होतो. रुक्मीने नावाचाच तुकडा पुढे केला. "तिचं नाव न्हाई तर ती येणार कशी त्यात?" तोच कापला. आईला हे सांगितलेलं नाही. तिला कोपऱ्यातल्या भांड्यात बघायचंच नाही, देवघराच्या भिंतीला निळं विष ठेवलं म्हणून चिडली आहे.

रुक्मी मात्र भांड्यासमोर बसून राहिली.

"काय करूलालंय हे? नुसतं पाणीच तर हाय."

सांगितलं. मोरचूद म्हणजे तांबं आणि गंधकाचा तेजाब यांची जोडी. पाण्यात विरघळली की जोडी सुटते, दोघं वेगळे हिंडतात. वीज आली की तांबं ऋण तारेकडे ओढलं जातं आणि मेणावर बसतं. तेजाब जातो पत्र्याकडे. तिथे पत्र्यातलं तांबं खाऊन पुन्हा जोडी करतो.

"म्हंजे पत्र्यातलं तांबं पाण्यातनं चालत तिकडं जातंय?"

"तसंच म्हण."

"दिसत न्हाई ते?"

"नाही दिसत."

"मग पाण्याचा निळा रंग का कमी हुईना?"

प्रश्न बरोबर होता, मला बरं वाटलं. सांगितलं, जेवढं तिकडे बसतं तेवढंच इकडून पाण्यात उतरतं. पाण्याला काही कमी पडत नाही.

ती म्हणाली, "म्हंजे अक्का गेली आन मी आले, तसंच की."

मला ते बोलणं आवडलं नाही. चहा कर म्हणून आत पाठवलं.

रवि., २७ नोव्हें.

तार जिथे टेकलीय तिथून, गळ्यापासून, गुलाबी रंग धरलाय. संध्याकाळपर्यंत हनुवटी. काम चोख चाललंय. मळणीला मदत केली नाही म्हणून आई बोलत नाही.

सोम., २८ नोव्हें.

ओठ झाले, गाल झाले, डोळे झाले. नाक राहिलं. मेणात तो भाग सगळ्यांत खोल, तिथे तांबं शेवटी पोचतं.

आज एक गोष्ट झाली. भांड्याच्या बाजूने पाहिलं तर तोंड खोलगट दिसेना, उठावाचं दिसलं. आतून बाहेर आल्यासारखं. मी डावीकडे सरकलो, तर तेही माझ्याकडे वळलं. उजवीकडे गेलो, पुन्हा वळलं. खोलगट गोष्ट अशी फसवते, डोळ्याला तोंड उलटं बघायची सवय नसते. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं आणि मग भांड्यावर फडकं टाकलं.

फडकं चिमीने काढलं. काचेला नाक लावून इकडून तिकडे नाचत होती, तोंड तिच्या मागे मागे फिरत होतं. हाक मारली, "आई."

रुक्मीला ती मावशी म्हणते. शे. गेली तेव्हा चिमी नीट बोलतही नव्हती. रुक्मीने मुलीला उचलून नेलं.

पत्र्यावरचं नाव झिजतंय. ठिपक्यांची भोकं पडली. 'शे' गेला. 'वंता' राहिलंय.

बुध., ३० नोव्हें.

कुळगीहून सासरे आले. भटजीने अलीकडचा मुहूर्त काढलाय, पुढचा त्यांना सोयीचा नाही. हातात आठवडाही नाही. टाक अजून कागदासारखा पातळ. मेणातून काढला तर फाटेल.

घट वाढवायचे नाहीत हे मला कळतं. तांब्याला सावकाश बसू द्यावं लागतं, तरच ते चिवट होतं. तरी आणखी दोन घट जोडले. रुक्मी तारा धरून उभी होती, म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." सासरे हसले, आईही हसली. बऱ्याच दिवसांनी घरात सगळे हसले. जेवायला तांदळाची भाकरी, फणसाच्या पापडांचा ढीग. आज मी सुखी आहे असं लिहून ठेवतो.

गुरु., १ डिसेंबर

फडकं काढलं.

तोंडभर दाणे. कपाळावर दाट, गालांवर, ओठांच्या कडेला. रंगही गुलाबी राहिला नाही, काळपट तांबडा. दाण्याला दाणा लागून.

कशाने झालं ते ठाऊक आहे. वीज जास्त झाली की तांब्याला नीट बसायला सवड मिळत नाही, दाणे धरतं. नवशिक्याला होतं. इतकी वर्षं काढली ब्याटरीत, मला व्हायला नको होतं, एवढंच.

पण हे तोंड मी पाहिलेलं आहे. वैशाखात, क्वार्टरात, शेवटचे दिवस. ह्याच जागी, ह्याच क्रमाने, कपाळापासून. देवी आल्या म्हणून टेसनावर कुणाला आत सोडलं नाही, इकडून कुणाला येऊ दिलं नाही. तिचं शेवटचं तोंड पाहिलेला मी एकटा. मल्लाप्पाला मी सांगितलं ते तिचं हसरं तोंड होतं.

जादा घट काढले. मागून रुक्मी आली ते कळलंच नाही.

"अक्का अशी दिसत हुती व्हय?"

मी काढलेल्या घटांच्या तारा गुंडाळू लागलो.

"मला कुणी बघूच दिलं न्हाई तिला," म्हणाली आणि काचेवर, बाहेरून, बोट फिरवत राहिली. कपाळ, गाल, ओठ.

शुक्र., २ डिसें.

रुक्मीला ताप. सकाळी पाणी भरताना थंडी वाजली, दुपारपर्यंत फणफणली. कंबर मोडून आलीय म्हणते. डोकं उचलवत नाही.

मल्लाप्पाच्या अंगणात उन्हात बसवली म्हणून असेल. मळणीची धूळ असेल. इथे थंडीत ताप कुणाला येत नाही?

विचारलं, "लहानपणी देवी टोचल्यात का तुला?" तापातही हसली. "टोचणारा आला तवा बा आमाला घेऊन रानात लपला. मी, अक्का, सगळी. दोन दीस जांभळं खाऊन काढली."

चिमीला मी टेसनावर टोचून घेतली होती. एवढं एक शहाणपण केलं. तरी तिला शेजारी पाठवली.

शनि., ३ डिसें.

ताप तसाच. बडबडते. अक्का, सरक म्हणते, मला जागा दे म्हणते.

आई आज भांड्याशी गेली. फडकं काढून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं दाण्यांमुळे. दाणे तिने पाहिलेही नसावेत. "हे तर रुक्मीचं त्वांड."

सांगावं लागलं. मल्लाप्पा, अंगण, थोडी ती थोडी तू, कळशीवरच्या नावाचा पत्रासुद्धा.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "सोनार समद्या बायकास्नी येकच त्वांड काढतोय, ते त्याला येत न्हाई म्हणून व्हय रं? कुणाचं कुणाला वळखू येऊ नये म्हणून. मेलेलीला तिच्या नावाचं घर द्यायचं, त्वांड न्हाई द्यायचं. तू तिचं नाव घातलंस आन जितीचं त्वांड दिलंस. आता ती कुणाला न्हेणार?"

मी म्हटलं हे तांबं आहे. तांब्याला नाव कळत नाही, तोंड कळत नाही, धन आणि ऋण एवढंच कळतं. बोलताना माझाच आवाज मला पोकळ लागला.

म्हटलं फोडून टाकतो. आईने हात धरला. "फोडू नको. तिचं त्वांड हाय ते. जसं आलं तसं माघारी धाड." आणि मग, माझ्याकडे न बघता, "जातंय काय माघारी?"

जातं. तारा बदलल्या की जातं. धन तार तोंडाला, ऋण तार पत्र्याला. तेजाब मग तोंड खातो आणि तांबं पत्र्यावर परत येतं.

तर हे मी केलं. मी, ज्याने टेसनावर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या गड्याला मागल्या महिन्यात हाकलून दिलं, मी माझ्या हाताने तारा बदलल्या. आई भांड्यासमोर हात जोडून बसली. मीही बसलो. लाज वाटली नाही.

रवि., ४ डिसें.

नाक गेलं. तिथे तांबं सगळ्यांत पातळ होतं, म्हणून आधी. आता नाकाच्या जागी भोक आहे आणि भोकातून मेणाचं काळं दिसतं. दाणे झिजतायत. पत्र्यावर तांबं परत येतंय, पण गुठळ्या गुठळ्यांनी. नाव परत येत नाही. ते मला आधीच माहीत होतं. तांबं माघारी येतं, कोरलेलं येत नाही.

रुक्मीला ग्लानी. सुप्याला डॉक्टरकडे माणूस धाडला, डॉक्टर फिरतीवर आहेत. कपाळावर ओली पट्टी ठेवताना दर वेळी कपाळ बघतो. कपाळ साफ आहे. गाल साफ. हात उलटसुलट करून पाहिले. आईला वाटतं मी तिचा हात धरून बसलोय. तेही खरंच आहे. ही मुलगी जाऊ नये. शे.साठी नव्हे, चिमीसाठी नव्हे, मला ही हवी आहे. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपारी आईने तिचं पांघरूण बदलायला घेतलं. चादरीच्या आत, अंगालगत, एक लुगडं. "हे कुठलं गं काढलंस?"

कळशीवरचं. त्या दिवसापासून ती तेच उशाला घेऊन, पांघरून निजत होती. शे.चे कपडे सगळे जाळा, असं टेसनावरच्या डॉक्टरने बजावलं होतं. मी जाळले होते. कळशी ट्रंकेत आधीच कुणी बांधून ठेवली होती ते माझ्या ध्यानात नव्हतं. शे.नेच बांधली असेल. आजारात, हात चालत होते तोवर, माहेरची कळशी जपून.

लुगडं परड्यात नेऊन जाळलं. का, ते आईने विचारलं नाही. तिला वाटलं तिच्याच म्हणण्याला धरून करतोय.

आता दोन कारणं झाली. एक आईचं, एक माझं. दोन्ही कारणांत शेवंताच आहे.

सोम., ५ डिसें.

पहाटे रुक्मीला दरदरून घाम आला. उजाडताना अंग गार. उठून बसली, "पेज द्या," म्हणाली, "लोणचं बी." डोळे स्वच्छ. चिमी कुठाय विचारलं. आई रडली, हसली, मग पदर सावरून भांड्याशी गेली. आत आता तोंड म्हणण्यासारखं काही नाही, कडेला थोडं तांबं, हनुवटीचा एक तुकडा. "गेली बघ," आई म्हणाली. "गेली माघारी." नारळ घेऊन देवळात गेलीय. सासऱ्यांना निरोप धाडलाय, मुहूर्त मोडू नका, पोरगी उठली.

मी ब्याटरीच्या तारा सोडल्या. हात धुतले. पुन्हा धुतले.

हे आईला माहीत नाही, रुक्मीला माहीत नाही. शे.चाही ताप चौथ्या दिवशी असाच उतरला होता. तीही उठून बसली होती, तिनेही पेज मागितली होती, पोटभर जेवली होती. मी इतका हरखलो की स्वतः यंत्रावर बसून घरी तार केली, बरी आहे म्हणून. तार पोचेपर्यंत कपाळावर पुरळ उठलं होतं. देवीचं असंच असतं, डॉक्टर नंतर म्हणाला, आधी ताप सोडतात, मग दिसतात.

आणि साध्या तापाचंही असंच असतं. तोही उतरतो, माणूस पेज मागतो.

ऊन छान पडलंय. रुक्मी अंगणात केस सोडून बसली आहे, चिमीसाठी काहीतरी गुणगुणते आहे. मी ओसरीवर, खांबाआड. इथून तिची पाठ दिसते.

"दाजी, हिकडं या जरा. कपाळावर हाताला कायतरी लागूलालंय, बगा की."

आलो म्हणालो. अजून उठलेलो नाही.